जाळ आणि धूर संगटच

टर्बोची बाधा कानातून होते. घोडेशक्ती, टॉर्क, घाटातला पिकअप ही सगळी घरच्यांना सांगायची कारणं. मुळात पोरगं कुठंतरी एक आवाज ऐकतं. पुढच्या गाडीवाल्यानं गिअर टाकायला पाय उचलला, बॉनेटखालून ‘फुस्स’ झालं आणि पोरगं कामातून गेलं. तो आवाज म्हणजे दाबून भरलेली, पण आता नकोशी झालेली हवा बाहेर सोडणारी झडप. थोडक्यात, जी हवा इंजिनाच्या कामी आलीच नाही, तिचा हा डांगोरा. बाजाराला ही नस बरोबर सापडली आहे. सायलेन्सरच्या तोंडात बसवायची एक शिट्टी मिळते. ती टर्बो नसलेल्या गाडीलाही टर्बोचा गळा देते, काही तोडत नाही, फोडत नाही, आणि कंटाळा आला की काढून फडताळात टाकता येते. माझं स्पष्ट मत आहे, की बहुतेकांनी तिथंच थांबावं. आमचा मेहुणा थांबला नाही.

ऐट ही काही एकट्या कोल्हापूरची मक्तेदारी नव्हे. १९७३ मध्ये बीएमडब्ल्यूनं ‘२००२ टर्बो’ आणली, तेव्हा तिच्या नाकावर ‘टर्बो’ ही अक्षरं मुद्दाम उलटी काढून दाखवली होती. का, तर पुढं चाललेल्या बिचाऱ्याला ती आरशात सुलटी दिसावीत आणि त्यानं बाजूला व्हावं. इतका विचार जर्मन लोकांनी केला आणि त्याच वर्षी जगात तेलाचे भाव भडकले. गाडी फार दिवस चालली नाही. आमच्याकडं तोच मजकूर मागच्या काचेवर सुलटा चिकटवतात. म्हणजे तो वाचायला आधी मागं पडावं लागतं. गर्वाचा हा प्रकार मला जास्त तर्कशुद्ध वाटतो.

गाडी मामांची. मामा म्हणजे माझे सासरे, साखर कारखान्याच्या पॉवर हाऊसमधून निवृत्त झालेले. गाडी मारुती एस्टीम, तेराशे सीसी, कंपनीच्या कागदावर ८५ घोडेशक्ती. आपल्या उमेदीच्या काळात या गाडीनं रॅलीवाल्या पोरांना वेड लावलं होतं. अंगानं हलकी आणि इंजिन फिरायला मोकळं. मामांच्या हाती हे सगळे गुण झाकलेले राहिले. त्यांनी तिला साठच्या वर नेल्याची एकच आठवण घरात सांगतात. मागं रुग्णवाहिका लागली होती आणि बाजूला व्हायला जागा नव्हती.

अशा माणसाकडून त्याच्या गाडीला टर्बो बसवायची परवानगी मिळवणं अशक्य, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण मेहुणा मामांचाच मुलगा. कुठली चावी कुठल्या कुलपाला लागते ते त्याला ठाऊक. तो घोडेशक्तीवर एक अक्षर बोलला नाही. जेवता जेवता म्हणाला, ‘‘आबा, सायलेन्सरातनं गरम गॅस जातोय, त्यात ताकद हाय. आपण ती फुकट सोडाय लागलोय. त्याच गॅसवर एक टर्बाईन फिरवायचं. बास.’’

टर्बाईन हा शब्द ऐकून मामांचा घास हातात थांबला. उभी नोकरी त्यांनी बगॅस जाळून वाफ, वाफेवर टर्बाईन आणि टर्बाईनवर वीज करण्यात घालवली होती. वाया जाणाऱ्या गोष्टीतून काम काढणं हा त्यांचा धर्म. मामी घरात भाजीची देठं फेकतात यावर त्यांचे अजून मतभेद आहेत. त्यांनी एकच प्रश्न विचारला. ‘‘फेरे किती?’’

‘‘मिनिटाला लाखभर. जास्तच.’’

मामांच्या पॉवर हाऊसमधलं धूड काही हजार फेऱ्यांवर चालायचं आणि त्याच्या शेजारी उभं राहून बोललेलं ऐकू येत नसे. लाखभर फेरे घेणारं टर्बाईन, तेही तळहातावर मावणारं, आणि आपल्या दारात. परवानगी मिळाली.

आता यातलं गणित तसं सोपं आहे, आणि सोपं आहे हाच त्याचा दोष. समुद्रसपाटीला हवेचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड. साधं इंजिन तेवढ्यावरच श्वास घेतं. टर्बोनं वरून सात पौंड दाब दिला, की त्याच सिलिंडरमध्ये जवळजवळ दीडपट हवा कोंबली जाते. हवा दीडपट म्हणून पेट्रोल दीडपट, आणि पेट्रोल दीडपट म्हणून ताकद. सात पौंड म्हणजे किती, तर टायरमध्ये आपण तीस भरतो. मेहुण्याला ते एवढंसंच वाटलं. पण हवा दाबली की तापते, तापलेली हवा विरळ होते आणि पेट्रोलला वेळेआधी पेटायला मदत करते. पिस्टन अजून वर येतोय तोवर वरून स्फोट होतो. इंजिनातून टकटक ऐकू येते. ती फार वेळ ऐकू येऊ द्यायची नसते. त्यात साध्या इंजिनाचं कॉम्प्रेशन आधीच नऊ-साडेनऊला एक. टर्बोसाठी जन्मलेली जुनी इंजिनं त्याहून कमी कॉम्प्रेशनची, जाड पिस्टनची असत. एस्टीमचं इंजिन ज्या जपानी माणसांनी आखलं त्यांनी प्रत्येक बोल्ट पुरेसा जाड केला होता. पुरेसा म्हणजे ८५ घोड्यांना पुरेसा.

किट समुद्रापलीकडून आलं. ते सगळ्या गाड्यांना बसतं असं खोक्यावर छापलं होतं. गाड्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. आत स्पंजमध्ये बसवलेला टर्बो, निळ्या सिलिकॉनच्या नळ्या, ढीगभर क्लॅम्प, चकचकीत इंटरकूलर, एक घड्याळ आणि ती ‘फुस्स’वाली झडप. झडप सगळ्यात सुबक होती. बनवणाऱ्यालाही गिऱ्हाईक कळत होतं. माहितीपत्रकात चित्रं होती. पहिल्या चित्रात सुट्टे भाग, दुसऱ्या चित्रात बसवलेला टर्बो. मधल्या काळात काय घडतं यावर मौन.

तो मधला काळ आम्ही उद्यमनगरात पाहिला. शिवाजी उद्यमनगर म्हणजे लेथच्या चुऱ्यावर वसलेलं राज्य. एका गल्लीत ओतकाम, दुसरीत बोअरिंग, तिसरीत ‘फक्त आटे पाडून मिळतील’. ज्या गावात शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घरचा घडवून ‘सैरंध्री’ काढला, त्या गावाला परकं यंत्र बघून घाम फुटत नाही. आमच्या मिस्त्रींनी टर्बो हातात घेतला, बोटानं पंखा फिरवला, वास घेतला, आणि म्हणाले, ‘‘हुतंय की.’’ कोल्हापुरात या दोन शब्दांवर कारखाने उभे राहिलेत आणि बसलेतही.

झालं असं, की किटमधला मॅनिफोल्ड इंजिनाच्या भोकांशी जुळेना. मिस्त्रींनी पुठ्ठ्यावर ग्रीसचा ठसा घेतला, जाड प्लेटीचा फ्लँज कापून आणला, वाफेच्या लाइनीचा जाड पाईप वाकवून मॅनिफोल्ड नवा केला. तो बसला, तर रेडिएटरचा पंखा आडवा. पंखा पलीकडं घेतला, तर बॅटरी आडवी. बॅटरी डिकीत गेली. इंटरकूलरला जागा करायला पुढच्या बंपरचा जबडा कापला. मामांनी एवढी वर्षं ज्या बंपरवर ओरखडा येऊ दिला नव्हता, त्याच्यावर ग्राइंडर चालला. ते शांत उभे होते. टर्बाईनसाठी पाया खणावाच लागतो, एवढंच म्हणाले.

खरी परीक्षा तेलाची होती. टर्बोचा दांडा बेअरिंगमध्ये टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. त्यासाठी इंजिनाच्या ऑईल प्रेशर स्विचपाशी ‘टी’ टाकून एक बारीक नळी वर न्यायची. वर जाणाऱ्या तेलामागं पंपाचा जोर असतो, त्यामुळं ते कुठूनही वळणं घेत जातं. परत येणाऱ्या तेलामागं कुणीच नसतं. ते फेसाळून, थकून, नुसत्या उतारावर खाली येतं. म्हणून परतीची नळी जाड हवी, सरळ हवी, आणि चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर सुटायला हवी. आता आमच्या चेंबरला असलं भोक नव्हतं. मिस्त्रींच्या पोऱ्यानं ड्रिलच्या टोकाला भरपूर ग्रीस थापलं आणि गाडीखाली पाठीवर सरकला. ग्रीसला चुरा चिकटून येतो, चेंबर खोलायची गरज नाही, असा त्याचा हिशोब. गॅरेजांत हे सर्रास चालतं.

‘‘बाहेर ये,’’ मामा म्हणाले.

‘‘काका, एक कण बी आत जात नाय.’’

‘‘एक कण कुठं जाईल ते मी सांगतो. पंपात जाईल, पंपातनं वर जाईल, आणि लाख फेऱ्यांच्या बेअरिंगमध्ये बसंल. चेंबर खाली घे.’’

चेंबर खाली आला. भोक पाडून नट वेल्ड केला, चेंबर रॉकेलनं धुतला, मामांनी स्वतः पांढऱ्या फडक्यानं पुसून फडकं उन्हात धरून पाहिलं, आणि पुन्हा धुवायला लावला. मिस्त्रींनी त्या दिवसापासून त्यांना ‘काका’ सोडून ‘साहेब’ म्हणायला सुरुवात केली.

एवढं होऊनही परतीच्या नळीला वळसा राहिलाच. ती मॅनिफोल्डला लागू नये म्हणून पोऱ्यानं क्लॅम्पनं बाजूला खेचली आणि मधे एक छोटा उंचवटा तयार झाला. इंजिन सुरू केलं. आधी छान चाललं. मग उंचवट्याआड तेल तुंबलं, सीलमधून टर्बाईनच्या घरात उतरलं, आणि आठ-नऊशे अंशांच्या गॅसमध्ये त्याचं काय व्हायचं ते झालं. निळसर पांढरा धूर गल्लीभर पसरला. समोरच्या आटेवाल्यानं शटर अर्धं ओढलं. मॅनिफोल्ड तापून लालबुंद, त्याच्यावर गुंडाळलेल्या नव्या पट्टीतून वेगळाच धूर, आणि क्लॅम्पवर सांडलेलं पेट्रोल की ऑईल कोण जाणे, एक जीभभर ज्वाळाही दिसली. पोत्यानं लगेच विझवली. कडेला जमलेल्यांपैकी एकजण हात जोडून म्हणाला, ‘‘जाळ आणि धूर संगटच! नाद खुळा!’’ आमच्या गावात ही तारीफ असते.

यापुढं खर्चाची लग्नघरी उडते तशी तारांबळ उडाली. टर्बो म्हणजे एकटा नवरदेव, ठरवाठरवीत त्याचाच तेवढा खर्च धरलेला असतो. मागून वऱ्हाड उतरतं आणि प्रत्येकाचा मानपान वेगळा. जास्त हवेला जास्त पेट्रोल हवं, म्हणून मोठे इंजेक्टर. इंजेक्टरना दाब पुरेना, म्हणून नवा पंप. पंपाला वायर पातळ पडली. कंपनीच्या कॉम्प्युटरला या सोयरिकीची कल्पनाच नव्हती, म्हणून त्याच्या कानाला लागणारा दुसरा कॉम्प्युटर. प्लग थंड जातीचे. हेड गॅसकिट जाड. रेडिएटर दुपदरी. ‘किट स्वस्तात पडलं’ हे वाक्य मेहुणा अजून म्हणतो, आणि ते खरंही आहे. किट स्वस्तातच पडलं.

मेहुण्याचा दावा होता, की गणपतीपर्यंत गाडी तयार. टर्बोची कल्पना ज्या स्विस इंजिनिअरची, त्या आल्फ्रेड ब्युखीला १९०५ मध्ये पेटंट मिळालं आणि धड चालणारं यंत्र दाखवायला १९२५ उजाडलं. मी हे मेहुण्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘दाजी, त्येंच्याकडं उद्यमनगर न्हवतं.’’ याच्यावर काय बोलणार? मग मी ओल्ड्समोबिल जेटफायरची गोष्ट काढली. १९६२ मधली ही अमेरिकी गाडी कारखान्यातूनच टर्बो घेऊन आली होती. तिचं कॉम्प्रेशन सव्वादहाला एक, म्हणजे इंजिन टकटक करणार हे नक्की. त्यावर उपाय म्हणून एक वेगळी टाकी दिली होती, तिच्यात डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉल. हे पाणी हवेबरोबर फवारायचं, आत गारवा राहायचा. टाकी रिकामी झाली की गाडी आपोआप मवाळ व्हायची. लोक टाकी भरायला विसरायचे आणि गाडी पळत नाही म्हणून भांडायला यायचे. शेवटी कंपनीनंच टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दाखवली. जगातली एवढी मोठी कंपनी गिऱ्हाइकाच्या आळसापुढं हरली. मेहुण्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘ती टाकी कुठं मिळंल?’’

कायद्याचं म्हणाल, तर तो या बाबतीत सरळ आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात फेरफार करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन मालकाला दर बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी सोय झाली. दर बदलामागं! आमच्या बॉनेटखालचे बदल मोजायला बसवला तर इन्स्पेक्टरची पाळी संपेल. मी हा मुद्दा जरा जोरात मांडला. विमा कंपनीचंही नाव घेतलं. मेहुणा म्हणाला, गाडी फक्त ट्रॅकवर न्यायची. गाडीचा ट्रॅक आणि दूध आणायचा रस्ता एकच आहे हे त्यानं सांगितलं नाही.

मग पुण्याहून एक ट्यूनर आला. केस मागं बांधलेले, काखेत लॅपटॉप. त्यानं केबल जोडली आणि पडद्यावर रंगीत चौकोन उमटले. त्याला मॅप म्हणतात. कुठल्या फेऱ्याला, किती दाबाला, किती पेट्रोल आणि ठिणगी कधी. साध्या चालीत हवा १४.७ भाग आणि पेट्रोल एक भाग असं प्रमाण असतं. दाब वाढला की बाराच्या आसपास आणायचं, म्हणजे पेट्रोलचा हात सढळ सोडायचा. आता १४.७ हा आकडा हवेच्या दाबातही येतो आणि या प्रमाणातही, निव्वळ योगायोगानं. मेहुणा दोन्ही आकडे एकच समजून दिवसभर माना डोलावत होता. मिस्त्रींचा लॅपटॉपवर विश्वास नव्हता. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक ब्लॉकला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. इकडं ट्यूनर पडद्याला नाक लावून बसलेला, तिकडं मिस्त्री समाधीत. दोघं एकाच वेळी बोलले. ‘‘तीन नंबर.’’ तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर कमी पेट्रोल टाकत होता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि त्यानंतर चहा एका बाकावर बसून घेतला.

पहिली चक्कर कागलच्या दिशेनं हायवेला. मी मागच्या सीटवर, बॅटरीच्या पुढं. सुरुवातीला काहीच नाही. अडीच हजार फेऱ्यांपर्यंत ही जुनी एस्टीमच होती, उलट जरा जास्त सुस्त. मेहुण्यानं पाय दाबून ठेवला. घड्याळाचा काटा शून्य ओलांडून पलीकडं गेला, पुढून एक बारीक शीळ सुरू झाली आणि मग गाडीनं मला पाठीमागून धरलं. खरं सांगतो, हे शिट्टीनं होत नाही. ज्या गाडीतून आम्ही वर्षानुवर्षं जोतिबाला नारळ नेले, ती समोरच्या ट्रकवर अशी झेपावली, की माझ्या तोंडून देवाऐवजी मिस्त्रींचं नाव निघालं. मेहुण्यानं गिअर टाकला. फुस्स! त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पुढच्या गिअरला मात्र इंजिन ओरडलं आणि गाडी तेवढीच राहिली. जळक्या वासानं खुलासा केला. वऱ्हाडातली क्लचप्लेट तेवढी बोलवायची राहिली होती.

क्लच बदलला, दाब सातावरून पाचावर आणला, आणि गाडी घरी आली. मेहुण्याची नोकरी आहे पुण्याला. तो महिन्यातून एखादा रविवार येतो, दोन-तीनदा फुस्स करून जातो. बाकीचे दिवस गाडी मामा चालवतात. मामा अडीच हजार फेऱ्यांच्या वर आजही जात नाहीत, त्यामुळं त्यांच्या हाती टर्बो जागाच होत नाही. बूस्टचा काटा मंडईपर्यंत शून्याच्या अलीकडं आणि मंडईवरून परत शून्याच्या अलीकडं. पण मामांना त्याचं काही नाही. त्यांच्याकडं पुन्हा एक टर्बाईन आलं आहे. त्यांनी पॉवर हाऊससारखा लॉगशीट आखला आहे. ऑईल प्रेशर, पाण्याचं तापमान, बूस्ट. बूस्टच्या रकान्यात रोज ‘निरंक’.

आणि गाडी थांबवल्यावर ते लगेच किल्ली काढत नाहीत. तापलेला टर्बो एकदम बंद केला तर बेअरिंगमधलं तेल जागच्या जागी करपतं. म्हणून जोरात आलेल्या गाडीला मिनिटभर नुसतं चालू ठेवावं, एवढाच नियम आहे. मंडईवरून तीसच्या चालीनं आलेल्या गाडीचा टर्बो कोमटसुद्धा झालेला नसतो. पण कारखान्यातलं टर्बाईन बंद केल्यावरही दांडा वाकू नये म्हणून कितीतरी वेळ हळूहळू फिरवत ठेवावा लागतो, आणि मामांच्या लेखी टर्बाईन ते टर्बाईन. ते फाटकात गाडी उभी करून, चष्मा लावून, इंजिन चालू ठेवून आरामात पेपर वाचत बसतात. अग्रलेखापर्यंत पोहोचतात.

काल मामींनी ओसरीतून ओरडून विचारलं, ‘‘चहा आत घेणार का तिथंच आणून देऊ?’’

मामांनी काच थोडी खाली केली. ‘‘इथंच दे. आणि भाजीची पिशवी ने आधी, बॅटरीवर ठेवलीय.’’